कतारचा विश्वचषक आणि मुंबईची वाट

२ डिसेंबर २०१० रोजी झुरिच येथे फिफाच्या कार्यकारी समितीने २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाचे यजमानपद कतारला दिले. समितीचे सदस्य २४ होते, पण मतदान २२ जणांनीच केले. नायजेरियाचे अमोस अदामू आणि ताहितीचे रेनाल्ड तेमारी हे दोघे एका ब्रिटिश वृत्तपत्राच्या सापळ्यात सापडून आधीच निलंबित झाले होते. ऑस्ट्रेलिया, जपान, दक्षिण कोरिया, अमेरिका आणि कतार असे पाच दावेदार होते. चौथ्या फेरीत कतारने अमेरिकेला १४ विरुद्ध ८ मतांनी हरवले. गोव्याच्या साधारण तिप्पट आकाराचा हा देश तोवर एकदाही विश्वचषकासाठी पात्र ठरलेला नव्हता. उन्हाळ्यात तिथे खेळणे धोक्याचे आहे, हे फिफाच्याच पाहणी अहवालाने मतदानाआधी नोंदवले होते. निकालानंतर सुरू झालेला वाद बारा वर्षे चालला. त्यात लाचखोरी, मजुरांचे मृत्यू, अभिव्यक्तीवरची बंधने, स्त्रियांचे आणि समलिंगी व्यक्तींचे हक्क, असे एकामागून एक विषय येत गेले.

दडपशाहीच्या राजवटीत विश्वचषक भरण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९३४ ची स्पर्धा मुसोलिनीच्या इटलीत झाली आणि राजवटीने तिचा पुरेपूर प्रचार करून घेतला. १९७८ चे उदाहरण अधिक बोचरे आहे. अर्जेंटिनात २४ मार्च १९७६ रोजी लष्कराने सत्ता बळकावली होती, हजारो माणसे 'नाहीशी' केली जात होती, आणि तिथेच जून १९७८ मध्ये विश्वचषक खेळला गेला. ब्युनॉस आयर्समधल्या ज्या मॉन्युमेंटल मैदानावर अंतिम सामना झाला, त्यापासून जेमतेम मैलभर अंतरावर नौदलाचे यांत्रिकी विद्यालय होते. त्याचा वापर छळकेंद्र म्हणून होत असे. फ्रान्समध्ये बहिष्कारासाठी समिती उभी राहिली, पण संघ एकही थांबला नाही. २०१८ ची स्पर्धा रशियात झाली तेव्हा क्रिमिया गिळंकृत करून चार वर्षे लोटली होती. कतारच्या वेळचा फरक असा, की अर्जेंटिनात पीडित होते ते त्या देशाचे नागरिक. कतारमध्ये ज्यांच्यावरून वाद पेटला, त्यांतले बहुसंख्य लोक दुसऱ्या देशांचे होते आणि त्या देशांत सर्वांत मोठा वाटा भारताचा होता. हा वाद युरोप आणि दोहा यांच्यात रंगला, तरी त्याचा एक पाय कायम मुंबईत होता.

मुंबई आणि कतार यांचा संबंध खनिज तेलापेक्षा जुना आहे. इराणी आखातातला ब्रिटिश कारभार बुशहर येथील रेसिडेंट पाहत असे आणि हा रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता. सप्टेंबर १८६८ मध्ये रेसिडेंट कर्नल लुईस पेली याने दोह्याच्या मोहम्मद बिन थानीशी करार केला. आजच्या अल थानी घराण्याच्या सत्तेची सुरुवात त्या करारापासून धरतात. कतारचा धंदा तेव्हा मोत्यांचा. आखातातल्या पाणबुड्यांनी काढलेले मोती मुंबईच्या बाजारात येत, इथले सराफ ते पारखून, छेद पाडून, ओवून पुढे युरोपला पाठवत. जपानी कृत्रिम मोती आणि १९२९ नंतरची मंदी यांनी हा धंदा बसवला, आणि १९३० च्या दशकात कतारमध्ये उपासमार झाली. दुखान येथे तेल लागले ते त्या दशकाच्या अखेरीस. त्याची निर्यात दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये सुरू झाली. चलन मात्र पुढेही भारतीयच राहिले. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा 'गल्फ रुपया' छापला आणि जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन होईपर्यंत तो दोह्यात चालत होता. म्हणजे कतारी मजूर समुद्रात बुडी मारून मोती काढत तेव्हा मुंबईचा व्यापारी भाव ठरवत असे. पुढच्या दोन पिढ्यांत देणारा-घेणारा यांची जागा उलटली, इतकेच.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले तेव्हा रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरची आणि गोव्यातली पुष्कळ कुटुंबे आखातात जाऊ लागली. केरळही गेले, मग आंध्र-तेलंगण, राजस्थान, आणि अलीकडे उत्तर प्रदेश व बिहार. २०२२ मध्ये कतारची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास होती. त्यांत कतारी नागरिक साधारण तीन लाख आणि भारतीय सात लाखांहून अधिक. यजमान देशात यजमानांच्या दुपटीहून जास्त भारतीय होते.

यजमानपद मिळाल्यानंतर साधारण पाच आठवड्यांनी, जानेवारी २०११ मध्ये, दोह्यात आशियाई चषक स्पर्धा भरली आणि १९८४ नंतर प्रथमच भारत तिच्यासाठी पात्र ठरला होता. गोव्याचा क्लायमॅक्स लॉरेन्स, मुंबईचा स्टीव्हन डायस त्या संघात होते. ऑस्ट्रेलियाने ४-०, बहरीनने ५-२ आणि दक्षिण कोरियाने ४-१ असे हरवून भारताला घरी पाठवले. तरीही भारताच्या सामन्यांना तिथले कामगार मोठ्या संख्येने आले. सुट्टीच्या दिवशी लेबर कॅम्पमधून निघून आपल्या देशाचे सामने पाहायला येणारा हा प्रेक्षक पुढच्या अकरा वर्षांच्या वादात वारंवार दिसतो, पण बोलताना फार क्वचित ऐकू येतो.

कतारला 'बंधनांचा देश' म्हणताना एक गुंतागुंत लक्षात घ्यावी लागते, आणि तीही महाराष्ट्रातूनच येते. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांच्यावर भारतात त्यांच्या चित्रांवरून खटल्यांचा मारा झाला, प्रदर्शनांवर हल्ले झाले, आणि २००६ पासून ते देशाबाहेर राहिले. २०१० च्या सुरुवातीला, म्हणजे झुरिचच्या मतदानाच्या काही महिने आधी, कतारने त्यांना नागरिकत्व दिले. हा मान तिथे परक्याला जवळजवळ मिळतच नाही; पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या भारतीय कुटुंबांनाही मिळालेला नाही. नव्वदी ओलांडलेल्या हुसेन यांनी दोह्यातल्या भारतीय वकिलातीत पासपोर्ट परत केला आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्याच कतारने मोहम्मद अल-अजमी या आपल्या कवीला अमिराच्या टीकेची कविता म्हटल्याबद्दल जन्मठेप सुनावली. नंतर ती १५ वर्षांवर आली आणि मार्च २०१६ मध्ये त्याला माफी मिळाली. दुसऱ्याच्या देशात छळलेल्या कलावंताला आसरा द्यायचा आणि आपल्या देशातल्या कवीला कोंडायचे, यात कतारला विसंगती वाटली नाही. स्पर्धेच्या बाबतीतही त्या राजवटीचे धोरण याच जातीचे होते: पाहुण्यांसाठी दार उघडे, घरच्यांसाठी कुलूप, आणि मजूर या दोन्हींत बसत नसल्यामुळे त्याच्यासाठी वेगळाच कायदा.

त्या कायद्याचे नाव कफाला. परदेशी कामगाराला कतारमध्ये यायचे तर त्याचा एक 'कफील', म्हणजे जामीनदार मालक लागे. व्हिसा, राहण्याचा परवाना, नोकरी बदलण्याची मुभा, देश सोडण्याची परवानगी, सगळे त्या मालकाच्या सहीवर अवलंबून. मालकाने 'एनओसी' दिली नाही तर दुसरी नोकरी नाही. 'एक्झिट परमिट' दिले नाही तर घरी आई वारली तरी विमानात बसता येत नाही. पासपोर्ट काढून घेणे बेकायदा होते, पण सर्रास चाले. पगार महिनोन्‌महिने थकला आणि कामगाराने काम सोडले, तर तो 'फरार' ठरे आणि अटकेला पात्र होई. २००४ च्या कामगार कायद्याने संघटना करण्याचा हक्क फक्त कतारी नागरिकांना दिला होता, आणि बांधकामावर कतारी नागरिक नव्हतेच.

सप्टेंबर २०१३ मध्ये लंडनच्या 'द गार्डियन'ने नेपाळी मजुरांच्या मृत्यूंची मालिका छापली, तेव्हा कफाला हा शब्द जगाला कळला. तोवरचा वाद मतदानातल्या पैशांचा होता. तोही लहान नव्हता, आणि पुढेही चालू राहिला. कार्यकारी समितीतले कतारचे सदस्य मोहम्मद बिन हम्माम यांच्यावर फिफाने, वेगळ्या प्रकरणावरून का होईना, आजीवन बंदी घातली. मतदानाच्या नऊ दिवस आधी पॅरिसमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी, कतारचे युवराज तमीम आणि युरोपीय फुटबॉल महासंघाचे फ्रेंच अध्यक्ष मिशेल प्लातिनी एका जेवणाला एकत्र होते हे बाहेर आले. २७ मे २०१५ रोजी झुरिचच्या हॉटेलातून फिफाचे सात पदाधिकारी अटकेत गेले आणि आठवडाभरात फिफाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांनी पद सोडण्याची घोषणा केली. फिफाचे तपास अधिकारी मायकेल गार्सिया यांनी या मतदानाची केलेली चौकशी फिफाने आधी दाबली, सारांश वेडावाकडा काढला म्हणून गार्सिया यांनी राजीनामा दिला, आणि जून २०१७ मध्ये एका जर्मन वृत्तपत्राच्या हाती अहवाल लागल्यावरच फिफाने तो पूर्ण प्रसिद्ध केला. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या आरोपपत्रात दक्षिण अमेरिकी सदस्यांनी कतारला मत देण्यासाठी पैसे घेतल्याचा आरोप आला. कतारने सर्व नाकारले आणि यजमानपद टिकले. मार्च २०१५ मध्ये फिफाने स्पर्धा जून-जुलैऐवजी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हलवली. अंतिम सामना १८ डिसेंबर, कतारच्या राष्ट्रीय दिनी. खेळाडूंना उन्हाचा त्रास नको, हे त्यामागचे कारण होते. मैदाने बांधणाऱ्यांसाठी ऋतू बदलता येण्यासारखा नव्हता.

उन्हाचा प्रश्न भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही, पण दोह्याचे ऊन आणि दिघोरी-लाखांदूरकडचे ऊन यांत एक भेद आहे. इकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, मात्र हवा कोरडी असते. घाम वाळतो आणि अंग थोडे तरी थंडावते. पाऊस उघडल्यावर रोवणीच्या दिवसांत पारा खाली असूनही जीव घाबरा होतो, कारण घाम वाळत नाही. दोह्यात जुलै-ऑगस्टमध्ये वैशाखाचा पारा आणि रोवणीचा दमटपणा एकाच वेळी असतो. तापमान, दमटपणा, ऊन आणि वारा मिळून जो 'वेट बल्ब ग्लोब' निर्देशांक काढतात तो अशा वेळी धोक्याच्या रेषेपलीकडे जातो, आणि लोखंड बांधणाऱ्या किंवा सिमेंटची पोती वाहणाऱ्या धडधाकट माणसाच्या हृदयावर किंवा मूत्रपिंडावर त्याचा घाला पडतो. कतारमधील नेपाळी कामगारांच्या मृत्यूंचा २००९ ते २०१७ या काळाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. उष्ण महिन्यांत हृदयविकाराचे मृत्यू वाढतात आणि त्यांतले कित्येक टाळता आले असते, असे त्याने दाखवले. कतारचा तेव्हाचा नियम मात्र घड्याळाकडे पाहणारा होता: १५ जून ते ३१ ऑगस्ट, सकाळी साडेअकरा ते दुपारी तीन काम बंद. सप्टेंबरच्या दमट दिवसात सकाळी दहा वाजता कोसळणारा माणूस त्या नियमात बसत नव्हता.

किती माणसे मेली, हा वादाचा सर्वांत गाजलेला आणि सर्वांत गोंधळाचा भाग. फेब्रुवारी २०१४ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली दोह्याच्या भारतीय वकिलातीकडून मिळालेल्या आकड्यांवरून २०१२ आणि २०१३ या दोन वर्षांत साडेचारशेहून अधिक भारतीय तिथे मृत्यू पावल्याचे बाहेर आले. वकिलातीने खुलासा केला, की भारतीयांची एवढी मोठी संख्या पाहता यात वावगे काही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये 'गार्डियन'ने पाच देशांचे आकडे एकत्र केले: यजमानपद मिळाल्यापासूनच्या दहा वर्षांत भारताचे २,७११, नेपाळचे १,६४१, बांगलादेशाचे १,०१८, पाकिस्तानचे ८२४ आणि श्रीलंकेचे ५५७. बेरीज साडेसहा हजारांच्या वर जाते, आणि 'मैदाने बांधताना साडेसहा हजार मेले' असे वाक्य जगभर फिरू लागले. मूळ बातमीचा तसा दावा नव्हता. हे मृत्यू सर्व प्रकारच्या कामांतल्या आणि कामाबाहेरच्याही माणसांचे होते. त्यांत दुकानदार होते, चालक होते, रस्ता अपघात होते. आयोजक समितीच्या हिशेबात मैदानांच्या कामावर कामाशी संबंधित मृत्यू फक्त ३, आणि कामाशी संबंध नसलेले ३७. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस समितीचे प्रमुख हसन अल-थवादी यांनी एका मुलाखतीत स्पर्धेशी जोडलेल्या कामांवर ४०० ते ५०० मृत्यू झाल्याचे सांगून टाकले. मग समितीने सारवासारव केली, की ४१४ हा आकडा २०१४ ते २०२० मधल्या देशभरातल्या सर्व क्षेत्रांतील अपघातांचा आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने एकट्या २०२० साली कामावर ५० मृत्यू आणि पाचशेहून अधिक गंभीर जखमी मोजले होते.

आकड्यांच्या या भांडणात खरी गोष्ट झाकली गेली. भारतीयांच्या मृत्यूंपैकी ८० टक्के 'नैसर्गिक' म्हणून नोंदले होते. दाखल्यावर हृदयक्रिया किंवा श्वसन बंद पडले, एवढेच. शवविच्छेदन बहुधा नाहीच. पंचविशीतला माणूस रात्री कॅम्पच्या पलंगावर झोपला आणि सकाळी उठला नाही, याला 'नैसर्गिक' म्हटले की मालकाची भरपाई टळते, सरकारचा तपास टळतो आणि घरी फक्त पेटी येते. साडेसहा हजार खरे की चाळीस, यावर जगाने जितका वेळ घालवला, त्याच्या निम्माही वेळ दाखल्यावरच्या त्या एका शब्दाला मिळाला नाही. भारत सरकारनेही तो शब्द मानून घेतला होता.

आता मुंबईची बाजू. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावी न झालेल्या भारतीयाला कतारसह ठरावीक देशांत कामाला जायचे तर 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'ची मंजुरी लागते. भरती करणाऱ्या एजंटाला परवाना लागतो, आणि तो कामगाराकडून तीस हजार रुपये व कर एवढेच शुल्क घेऊ शकतो. मुंबई हे या भरतीचे जुने केंद्र आहे. गोरखपूर, सिवान, निजामाबाद, सीकर इथून गाडीने माणूस मुंबईत येतो. इथे मुलाखत, गवंडी-सुतार-वेल्डरची 'ट्रेड टेस्ट', मेडिकल, व्हिसाचा शिक्का, आणि मग सहारचा विमानतळ. कागदावर तीस हजार असले तरी गावातल्या उपएजंटापासून वरपर्यंत साखळीतला प्रत्येक जण हात ओला करून घेतो. हे पैसे कर्जाने उभे राहतात, म्हणून दोह्यात उतरल्यावर ठरल्यापेक्षा कमी पगाराचा दुसराच करार समोर आला तरी सही करावी लागते. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने मार्च २०१६ मध्ये खलिफा मैदानाच्या नूतनीकरणावरच्या कामगारांचा अहवाल काढला. भारत, नेपाळ, बांगलादेशातल्या त्या माणसांनी घरून निघण्यापूर्वीच भरलेल्या रकमा, काढून घेतलेले पासपोर्ट आणि बदललेले पगार यांचे वर्णन त्यात आहे. कफाला माणसाला कतारमध्ये बांधत होता हे खरे, पण दोरीचे दुसरे टोक कर्जाच्या रूपाने त्याच्या गावात आणि मुंबईच्या एखाद्या कचेरीत असे. कतारच्या कायद्यावर हजारो पाने लिहिली गेली. या दुसऱ्या टोकावर फार थोडी. मुंबईचा संबंध बांधकामाच्या वरच्या पातळीवरही होता: आठ मैदानांपैकी अल रय्यानचे अहमद बिन अली मैदान लार्सन अँड टुब्रो या मुंबईच्या कंपनीने स्थानिक अल बलाग कंपनीसह उभारले. ते १८ डिसेंबर २०२० रोजी सुरू झाले.

दबावाचा परिणाम झाला, हे नाकारता येणार नाही. कामगार संघटनांच्या तक्रारीवरून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने चौकशीचा बडगा उगारला तेव्हा कतारने तडजोड केली, आणि एप्रिल २०१८ मध्ये संघटनेचे कार्यालय दोह्यात उघडले. त्याच वर्षी बहुतेक कामगारांसाठी एक्झिट परमिट गेले. २०२० मध्ये एनओसीची अट रद्द झाली. मार्च २०२१ पासून १,००० रियाल किमान वेतन, शिवाय जेवण आणि राहण्याची सोय नसेल तर त्याचे वेगळे पैसे. मे २०२१ मध्ये उन्हाचा नियम बदलला: १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन बंद, आणि निर्देशांक ३२.१ च्या वर गेला तर कोणत्याही वेळी काम थांबवायचे. मैदानांच्या कंत्राटदारांकडून हजारो मजुरांना त्यांनी भरलेले भरतीचे पैसे परत मिळाले. पण मैदानांवरचे कामगार एकूण परदेशी कामगारांच्या दोन टक्क्यांच्या आसपास होते. हॉटेले, रस्ते, मेट्रो, घरकाम यांतली माणसे या सोयींच्या बाहेरच राहिली, आणि कायद्याने गेलेली एनओसी मालक व्यवहारात मागतच राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये पगार थकलेल्या कामगारांनी दोह्यात रस्ता अडवला, तेव्हा साठहून अधिक जणांना धरले आणि काहींना देशाबाहेर घालवले. स्पर्धा तीन महिन्यांवर होती.

युरोपात बहिष्काराची चर्चा जोरात झाली आणि कृती थोडकी. नॉर्वेच्या फुटबॉल महासंघाने जून २०२१ मध्ये प्रत्यक्ष मतदान घेतले. ३६८ विरुद्ध १२१ मतांनी बहिष्कार फेटाळला. पॅरिसने चौकाचौकांतले मोठे पडदे लावले नाहीत. डेन्मार्कच्या गणवेशावरून बोधचिन्हे पुसट केली. इंग्लंड, जर्मनी, नेदरलँड्ससह सात संघांच्या कर्णधारांनी समलिंगींच्या समर्थनाची 'वन लव्ह' पट्टी बांधायचे ठरवले होते. इंग्लंडच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी फिफाने पिवळ्या कार्डाची धमकी दिली आणि सातही जणांनी पट्ट्यांचा बेत सोडला. जर्मन खेळाडूंनी २३ नोव्हेंबरला छायाचित्रासाठी तोंडावर हात धरले आणि जपानकडून २-१ हरले. मैदानांभोवतीची बिअर उद्घाटनाच्या दोन दिवस आधी बंद झाली, त्यावर जितकी शाई खर्च झाली तितकी थकलेल्या पगारावर झाली नाही. १९ नोव्हेंबरला फिफाचे अध्यक्ष जानी इन्फान्तिनो यांनी पत्रकारांपुढे तासभर भाषण करून युरोपच्या ढोंगावर तोंडसुख घेतले; आज आपण अरब आहोत, आफ्रिकी आहोत, समलिंगी आहोत, स्थलांतरित मजूर आहोत असे वाटते, असे ते म्हणाले. ढोंगाचा आरोप निराधार नव्हता. कतारचा वायू, कतारचा फ्रेंच क्लबमधला पैसा आणि कतारला विकलेली शस्त्रे युरोपला चालत होती. मात्र हे ज्याने बोलायचे त्या माणसांत फिफाचा अध्यक्ष शेवटचा ठरतो.

भारतात वादाने भलतेच वळण घेतले. उद्घाटनाला उपराष्ट्रपती जगदीप धनखड दोह्यात हजर होते. मजुरांचा विषय सरकारी पातळीवर निघाल्याचे दिसले नाही. बहिष्काराची हाक आली ती गोव्यातून, आणि तिचा मजुरांशी संबंध नव्हता. मुंबईचे धर्मप्रचारक झाकीर नाईक, ज्यांच्या संस्थेवर २०१६ मध्ये भारतात बंदी आली होती आणि जे मलेशियात राहत होते, स्पर्धेच्या काळात दोह्यात दिसले. गोवा भाजपचे प्रवक्ते साव्हियो रॉड्रिग्स यांनी सरकार, फुटबॉल संघटना आणि स्पर्धेला जाणारे भारतीय या सर्वांनी विश्वचषकावर बहिष्कार टाकावा, असे आवाहन केले. परराष्ट्र मंत्रालयाने विषय कतारकडे काढला. नाईक यांना अधिकृत निमंत्रण नव्हते असे कतारने कळवले, आणि प्रकरण तिथेच निवले. ज्या गोव्यातल्या घराघरांत आखातात राहून आलेला माणूस सापडतो, तिथून निघालेल्या एकमेव बहिष्काराच्या हाकेत लेबर कॅम्पचा उल्लेख नसावा, हे त्या काळच्या भारतीय राजकारणाबद्दल बरेच सांगून जाते.

भारतीयांना युरोपकडूनही एक टोमणा मिळाला. स्पर्धेपूर्वी दोह्याच्या रस्त्यांवर अर्जेंटिना, ब्राझील, इंग्लंड यांचे शर्ट घालून ढोल वाजवत निघालेल्या मिरवणुकांत बहुतेक चेहरे केरळी होते. पाश्चात्त्य माध्यमांतल्या काहींनी हे भाडोत्री, 'बनावट चाहते' असल्याचे लिहिले. कोझिकोडच्या नदीत मेस्सी-नेमारचे तीस-चाळीस फुटी कटआउट उभारणाऱ्या प्रदेशातले हे लोक; त्यांना अपमान झोंबला. कतारने काही युरोपीय चाहत्यांना तिकीट-मुक्काम देऊन आणले होते हे खरे, परंतु मलबारच्या माणसाला ब्राझीलसाठी रडायला कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. त्याच्यासाठी हळहळणाऱ्यांनाही तो प्रेक्षक म्हणून ओळखता आला नाही.

१८ डिसेंबर २०२२ रोजी लुसैल मैदानावर अर्जेंटिनाने फ्रान्सला ३-३ बरोबरीनंतर पेनल्टींवर ४-२ असे हरवले. चषक उचलण्यापूर्वी अमिराने मेस्सीच्या खांद्यावर काळा झिरझिरीत 'बिश्त', म्हणजे अरबी मानाचा झगा, घातला. सामना इतका अटीतटीचा झाला की दुसऱ्या दिवशी जगभरच्या वृत्तपत्रांत दुसरे काही उरले नाही. कतारला हवे होते ते हेच.

हिशेब मात्र मिटला नाही. अॅम्नेस्टीने मे २०२२ मध्ये, स्पर्धेच्या बक्षिसांइतकीच ४४ कोटी डॉलरची रक्कम मजुरांच्या भरपाईसाठी बाजूला काढावी अशी मागणी केली होती. फिफाने स्वतःच्याच मानवाधिकार उपसमितीकडून अहवाल करवून घेतला; भरपाईची जबाबदारी फिफावरही येते, असे त्याने सुचवले. तो नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला, पण त्याआधीच फिफाने ५ कोटी डॉलरचा 'वारसा निधी' जाहीर केला होता. तो जागतिक आरोग्य संघटना, जागतिक व्यापार संघटना आणि निर्वासितांसाठीच्या संस्थेमार्फत खर्च व्हायचा होता. मृत कामगारांच्या कुटुंबांसाठी त्यात काही नव्हते. ११ डिसेंबर २०२४ रोजी फिफाने २०३४ चा विश्वचषक सौदी अरेबियाला दिला. या वेळी दावेदार एकच होता, आणि मत मोजायची गरज न पडता टाळ्या वाजवून निर्णय झाला. सौदीतही लाखो भारतीय काम करतात, आणि कफाला तेव्हा तिथेही पुरता संपलेला नव्हता. भारतात उत्प्रवासाच्या नव्या कायद्याचा मसुदा २०२१ मध्ये लोकांपुढे ठेवला गेला होता. दोह्यात अंतिम सामना झाला तेव्हाही मुंबईतून निघणाऱ्या मजुराला लागू होता तो १९८३ चाच कायदा.